खाडीपलीकडची गुणवत्ता

मालाडच्या मार्वे किनाऱ्यावरून सुटणारी बोट काही मिनिटांत खाडी ओलांडून मनोरीला लागते. एवढ्याशा अंतरात महानगर मागे पडते. पुढे दिसतात वाळत घातलेल्या बोंबलांच्या वलांडी, शाकारलेल्या होड्या, वाड्या आणि कोळी, भंडारी व ईस्ट इंडियन कुटुंबांची जुनी घरे. रस्त्याने जायचे तर भाईंदर-उत्तन-गोराई असा मोठा वळसा घ्यावा लागतो. रूपाने, व्यवसायाने आणि जीवनक्रमाने मनोरी गावच आहे. शासनाच्या दप्तरी मात्र ते बृहन्मुंबई महापालिकेच्या हद्दीतील नागरी क्षेत्र ठरते. ही नोंद तशी निरुपद्रवी वाटेल. परंतु गावातील एखाद्या चौथी-पाचवीच्या मुलाची बुद्धी वर्गाच्या चार पावले पुढे धावू लागते आणि आईवडील त्याच्यासाठी चांगल्या सरकारी शाळेचा शोध घेऊ लागतात, तेव्हा ही नोंदच भिंत होऊन समोर उभी राहते.

गुणवान मुलांसाठी शासनाने चालविलेली देशातील सर्वांत मोठी व्यवस्था म्हणजे जवाहर नवोदय विद्यालये. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या कल्पनेला अधिष्ठान दिले. तत्पूर्वी १९८५-८६मध्ये जी पहिली दोन विद्यालये सुरू झाली, त्यांतील एक हरियाणातील झज्जरला आणि दुसरे महाराष्ट्रात अमरावतीला होते. आज देशभरात साडेसहाशेहून अधिक नवोदय विद्यालये आहेत. सहावीला एका विद्यालयात साधारण ८० मुलांना प्रवेश मिळतो. निवास, भोजन, गणवेश, पुस्तके यांचा भार शासन उचलते. नववीत गेल्यावर काही विद्यार्थ्यांना वर्षभरासाठी अन्य भाषिक प्रदेशातील विद्यालयात पाठविले जाते. मराठी मुलगा हिंदी प्रदेशात जाऊन राहतो, तिकडचा मुलगा महाराष्ट्रात येतो. राष्ट्रीय एकात्मतेचे इतके सहज शिक्षण क्वचितच कुठे मिळत असेल.

मनोरीच्या मुलाला मात्र या विद्यालयाच्या परीक्षेला बसताच येत नाही.

नकाशा आणि नियम

नवोदयची योजना 'एका जिल्ह्यात एक विद्यालय' या सूत्रावर उभी आहे. ज्या जिल्ह्यात विद्यालय आहे, त्याच जिल्ह्याचा रहिवासी असलेला आणि तेथेच पाचवीत शिकणारा विद्यार्थी त्या विद्यालयाच्या परीक्षेस पात्र असतो. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातील मुलांसाठी आणि किमान एक तृतीयांश जागा मुलींसाठी राखून ठेवलेल्या असतात. ग्रामीण गुणवत्तेला संधी देणे हा योजनेचा गाभाच असल्याने या तरतुदी उचित आहेत, यात शंका नाही. परंतु १ ऑक्टोबर १९९० रोजी अस्तित्वात आलेला मुंबई उपनगर जिल्हा पूर्णतः नागरी मानला गेला. म्हणून मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या दोन्ही जिल्ह्यांत नवोदय विद्यालय नाही. २०११च्या जनगणनेनुसार एकट्या उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या ९३ लाखांच्या पुढे होती. एवढ्या मोठ्या लोकसंख्येतील एकाही मुलाला आपल्या पत्त्यावरून नवोदयचा अर्ज भरता येत नाही.

आता मनोरीच्या उत्तरेला पाहू. त्याच भूभागावर, त्याच समुद्राच्या काठी उत्तन आहे. केशवसृष्टीमुळे हे नाव अनेकांच्या परिचयाचे आहे. उत्तन मिरा-भाईंदर महापालिकेत, म्हणजेच ठाणे जिल्ह्यात मोडते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा निर्माण झाला आणि अविभाजित ठाण्याचे नवोदय विद्यालय पालघरजवळच्या माहीम येथे असल्याने ते नव्या जिल्ह्यात गेले. मात्र विभाजनानंतर नव्या जिल्ह्यात विद्यालय सुरू होईपर्यंत जुन्या सीमाच ग्राह्य धराव्यात, असा समंजस नियम नवोदय समितीने केलेला आहे. डिसेंबर २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ज्या २८ नव्या नवोदय विद्यालयांना मंजुरी दिली, त्यांत महाराष्ट्राच्या वाट्याला आलेले एकमेव विद्यालय ठाणे जिल्ह्याचे आहे. म्हणजे उत्तनच्या कोळ्याच्या मुलीला काल वाट होती आणि उद्याही असेल. तिच्याच नात्यातील मनोरीच्या मुलीला ती कालही नव्हती आणि आजही नाही. दोघींचे बाप एकाच समुद्रात जाळे टाकतात. फरक आहे तो फक्त नकाशावरील एका रेषेचा.

शहरात सोयी असतात, तेथील मुलांना नवोदयची गरज काय, असा प्रतिवाद यावर केला जाईल. बोरिवली, मुलुंड वा घाटकोपरच्या मध्यमवर्गीय घरापुरता तो खराही आहे. पण नवोदयच्या नियमावलीतच शहरी मुलांसाठी उरलेल्या २५ टक्क्यांची वाट मोकळी ठेवलेली आहे. पुण्यातील वा नागपुरातील मुलगा त्या वाटेने जाऊ शकतो. तेव्हा शहरी असणे हा मनोरीच्या मुलाचा दोष नाही. ज्या जिल्ह्यात विद्यालयच नाही अशा जिल्ह्यात राहणे, हा त्याचा दोष!

उरलेल्या वाटा

मग अशा घरातील पालकांनी जावे कोठे? राज्यातील शासकीय विद्यानिकेतने साठच्या दशकात ग्रामीण गुणवंतांसाठीच उभी राहिली. त्यामुळे नागरी शिक्का बसलेल्या मनोरीला त्यांचाही उपयोग नाही. केंद्रीय विद्यालय मार्व्याजवळ, नौदलाच्या आयएनएस हमला तळावर आहे. पण तेथील प्रवेशात प्राधान्य बदली होणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांना असते. बुद्धीची निवड हा त्या शाळांचा हेतूच नव्हे. महापालिकेने २०२०पासून जोगेश्वरीच्या पूनमनगरसह ठिकठिकाणी केंद्रीय मंडळाच्या अभ्यासक्रमाच्या 'मुंबई पब्लिक स्कूल' सुरू केल्या. पालकांनी त्यांचे मोठे स्वागत केले, हे महापालिकेच्या शाळांच्या दृष्टीने शुभचिन्हच म्हटले पाहिजे. तेथील प्रवेश मात्र सोडतीने होतो. सोडत नशिबाची परीक्षा घेते, गुणवत्तेची नव्हे. शिवाय २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक प्रवेशासाठी चाळणी परीक्षेला मनाई केली आहे. नवोदय आणि सैनिकी शाळांना त्याच कायद्यात 'विशेष प्रवर्गा'चे स्थान दिले गेले, म्हणून त्यांच्या परीक्षा चालू राहिल्या.

सैनिकी शाळेची वाट खुली आहे. देशातील पहिली सैनिकी शाळा १९६१मध्ये साताऱ्याला सुरू झाली. तेथील प्रवेशाला जिल्ह्याचे बंधन नाही आणि अलीकडच्या वर्षांत मुलींनाही तेथे प्रवेश मिळू लागला आहे. परंतु निवासी शिक्षणाचे शुल्क आणि त्यासाठीच्या शिष्यवृत्तीची कागदपत्रे यांतून मार्ग काढणे मासळीच्या हंगामावर जगणाऱ्या घराला सोपे नसते.

राहता राहिली महाराष्ट्राची जुनी, विश्वासार्ह शिष्यवृत्ती परीक्षा. एका पिढीला चौथी आणि सातवीची स्कॉलरशिप आठवते. पुढे ती पाचवी आणि आठवीला गेली, आणि २०२५मध्ये ती पुन्हा चौथी व सातवीकडे नेण्याचा निर्णय शासनाने घेतला. भाषा, गणित, इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी असे दोन प्रश्नपत्रिकांत मिळून ३०० गुण. अनेक घरांच्या इतिहासात या परीक्षेच्या निकालाची तारीख कोरलेली आहे. मात्र ही परीक्षा पैसे देते, शाळा देत नाही. आठवीतील राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेतून निवड झालेल्या विद्यार्थ्याला वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. तीही मदत मोलाची आहे. पण मुलाच्या बुद्धीला रोज आव्हान देणारा वर्ग ती निर्माण करू शकत नाही. त्यातच १९६३मध्ये आरंभ झालेली राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा २०२१पासून स्थगित झाली आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठीची किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजनाही २०२२मध्ये बंद करण्यात आली. एकेक दिवा मालवत जावा आणि अंधाराची चर्चाही होऊ नये, असे हे चित्र आहे.

चाळणी मुलांची की पालकांची?

येथे एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. या परीक्षा खरोखर मुलांची निवड करतात काय? नवोदयचेच उदाहरण घ्यावे. दोन तासांची परीक्षा, ८० प्रश्न, १०० गुण. त्यांपैकी निम्मे गुण मानसिक क्षमता चाचणीला, उरलेले अंकगणित आणि भाषेला. परीक्षेला शुल्क नाही, ती मराठीतूनही देता येते. वरवर पाहता याहून न्याय्य ते काय? परंतु अर्ज ठरावीक मुदतीत ऑनलाइन भरावा लागतो, मुख्याध्यापकांचे प्रमाणपत्र लागते, तिसरीपासूनच्या शिक्षणाच्या नोंदी नीट असाव्या लागतात, आणि परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. ज्या घरात ही माहिती वेळेवर पोहोचते, त्या घरातील मूल परीक्षेला बसते. ज्या घरात पोहोचत नाही, तेथील मूल कितीही तल्लख असले तरी नापास होण्याचीसुद्धा संधी त्याला मिळत नाही. पहिली चाळणी होते ती पालकांच्या माहितीची, मुलाच्या बुद्धीची पाळी त्यानंतर येते.

हा अनुभव केवळ भारताचा नाही. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातील ब्रोवर्ड या शालेय जिल्ह्यात विशेष बुद्धिमान मुलांच्या वर्गासाठी पूर्वी पालकांनी वा शिक्षकांनी नाव सुचवावे लागत असे. २००५-०६च्या सुमारास तेथे दुसरीतील सर्वच मुलांची प्राथमिक चाचणी घेण्यास प्रारंभ झाला. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जूलियानो या अर्थशास्त्रज्ञांनी २०१६मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की निकष न बदलताही गरीब आणि अल्पसंख्य समाजांतील निवडल्या गेलेल्या मुलांचे प्रमाण लक्षणीय वाढले. ही मुले आधीही त्याच वर्गांत बसत होती. कोणी त्यांच्याकडे पाहिले नव्हते, इतकेच. पुढे आर्थिक मंदीत ही सार्वत्रिक चाचणी बंद पडली, तेव्हा जुनी दरी पुन्हा उघडी पडली. उलट न्यूयॉर्कमध्ये चार वर्षांच्या बालकांची परीक्षा घेऊन त्यांना 'प्रतिभावंत' ठरविण्याची प्रथा अनेक वर्षे चालली. तिच्याभोवती शिकवण्यांचा बाजार उभा राहिला, आणि अखेर २०२१मध्ये त्या शहराला ती परीक्षा बंद करावी लागली. इंग्लंडमध्ये १९४४च्या कायद्यानंतर अकराव्या वर्षी होणाऱ्या परीक्षेने मुलांचे भवितव्य ठरत असे. बहुतांश भागांनी ती पद्धत पुढे सोडून दिली. निवड फार लवकर केली आणि ती पालकांच्या धडपडीवर सोपविली, तर गुणवत्तेच्या नावाखाली सुस्थितीचीच निवड होते, हा या सर्वांचा मथितार्थ होय.

आपल्याकडेही चौथीच्या मुलाला नवोदयच्या, स्कॉलरशिपच्या आणि सैनिकी शाळेच्या तीन-तीन शिकवण्यांना जुंपणारे पालक आढळतात. ग्रामीण शाळेच्या पटावर मुलाचे नाव ठेवून आरक्षित जागा मिळविता येईल काय, असा विचारही काहींच्या मनात डोकावतो. पडताळणीत असा प्रवेश रद्द होतो, ही गोष्ट निराळी. त्याहून गंभीर गोष्ट ही की, गुणवान म्हणून गौरविलेल्या मुलाला पहिला धडा खोटेपणाचा मिळतो. जी जागा त्याने घेतली, ती जव्हार-मोखाड्यातील एखाद्या वारली मुलीच्या हक्काची होती, याचे भान कोणी ठेवायचे?

प्रबोधिनीचा धडा

महाराष्ट्राने या प्रश्नाचा विचार अन्य प्रांतांच्या आधी केला होता. डॉ. वि. वि. उपाख्य अप्पा पेंडसे यांनी १९६२मध्ये पुण्यात ज्ञान प्रबोधिनीची स्थापना केली आणि १९६९मध्ये तिची प्रशाला सुरू झाली. पाचवीत प्रवेश देताना केवळ पाठांतराची नव्हे, तर बुद्धीच्या विविध पैलूंची पारख करणाऱ्या चाचण्या तेथे वापरल्या गेल्या. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड यांच्या बुद्धिरचनेच्या सिद्धान्ताचा भारतीय परिस्थितीत इतक्या चिकाटीने उपयोग करणाऱ्या संस्था विरळाच.

परंतु अप्पांच्या विचारातील मर्म चाचणीत नव्हते. बुद्धी ही व्यक्तीची खासगी मालमत्ता नसून समाजाची ठेव आहे, हे ते मर्म होय. निवडलेल्या मुलांना निवडीचा अभिमान देण्याऐवजी उत्तरदायित्व दिले पाहिजे, ही त्यामागील भूमिका. म्हणूनच ज्या संस्थेचा आरंभ निवडक बुद्धिमंतांच्या शिक्षणातून झाला, ती १९९३च्या भूकंपानंतर हराळीसारख्या गावात सर्वसामान्य मुलांची शाळा उभारण्यास गेली. निवड आणि समरसता यांत विरोध असलाच पाहिजे असे नाही, हे तिने कृतीने दाखविले.

आणखी एक उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. डॉ. रघुनाथ माशेलकर मुंबईत खेतवाडीच्या महापालिका शाळेत शिकले. पुढे युनियन हायस्कूलमध्ये भावे सरांनी भिंगातून सूर्यकिरण एकवटून कागद जाळून दाखविला आणि एकाग्रतेचा अर्थ त्या मुलाला उमगला. १९६०च्या शालान्त परीक्षेत ते गुणवत्ता यादीत अकरावे आले, तरी पुढील शिक्षण दरमहा ६० रुपयांच्या सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या शिष्यवृत्तीवर अवलंबून होते. त्यांना कोणत्याही निवडक सरकारी शाळेने शोधले नव्हते. शोधले ते एका शिक्षकाच्या डोळसपणाने. यावरून निवडक शाळांची गरज नाही असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. प्रत्येक मुलाला भावे सर भेटतीलच, याची खात्री कोण देणार? ज्यांना ते भेटत नाहीत, त्यांच्यासाठी व्यवस्था लागते. आणि व्यवस्था असली तरी शिक्षकाचे डोळे लागतातच.

काय करता येईल?

पहिली गोष्ट शासनाच्या हातची आहे. नवोदयच्या नियमांत विभाजित जिल्ह्यांसाठी जुन्या सीमा ग्राह्य धरण्याची सवलत जर देता येते, तर ज्या जिल्ह्यात विद्यालयच नाही तेथील मुलांना शेजारच्या जिल्ह्याच्या विद्यालयातील खुल्या जागांवर स्पर्धा करण्याची मुभा का देता येऊ नये? ठाण्याचे नवे विद्यालय आकार घेत असताना हा विषय मांडण्याची वेळ आलेली आहे. मनोरी, गोराई, कुळवेम यांसारख्या गावठाणांतील आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पाड्यांतील मुलांसाठी तरी हा दरवाजा किलकिला व्हावा. ग्रामीण मुलांच्या ७५ टक्क्यांना धक्का न लावता हे करता येईल. उपनगरातील लोकप्रतिनिधींनी हा प्रश्न दिल्लीत नेला, तर त्यात पक्षभेदाचे कारण नाही.

दुसरी गोष्ट राज्याच्या आणि महापालिकेच्या हातची. शिष्यवृत्ती परीक्षा पुन्हा चौथीकडे येत आहे. ती इच्छुकांपुरती न ठेवता निदान तिचा बुद्धिमत्ता चाचणीचा भाग सर्व शासकीय आणि महापालिका शाळांतील प्रत्येक मुलाला मोफत द्यावा. त्यातून जी मुले पुढे येतील, त्यांना घरापासून तोडून वसतिगृहात नेलेच पाहिजे असेही नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विशेष प्रतिभा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी शाळा, शाळासमूह आणि जिल्हा पातळीवर गणित, विज्ञान, संगीत, बुद्धिबळ, भाषा अशा विषयांची मंडळे चालवावीत, तसेच शिक्षकांना त्यासाठी प्रशिक्षण द्यावे, असे सुचविले आहे. मालाडच्या एखाद्या महापालिका शाळेत शनिवारी असे मंडळ चालले, तर मनोरीची मुलगी सकाळी बोटीने येऊन दुपारी घरी जाऊ शकेल. धोरणातील अक्षरे जिवंत करण्यास एवढे पुरेसे आहे.

तिसरी गोष्ट समाजाच्या हातची आहे, आणि ती आजपासून करता येण्याजोगी आहे. वस्त्यांमधून अभ्यासिका आणि संस्कारवर्ग चालविणाऱ्या कार्यकर्त्यांना कोणते मूल चटकन प्रश्न विचारते, कोणाला कोडी सुटतात, हे शाळेइतकेच ठाऊक असते. अशा मुलांची नोंद ठेवावी. परीक्षांच्या मुदती त्यांच्या घरी जाऊन सांगाव्यात, अर्ज भरण्यास बसावे, जातीच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्यांसाठी सोबत जावे. ज्या मध्यमवर्गीय घरातील मुलाने स्कॉलरशिपची पुस्तके वापरून झाली असतील, त्या घराने ती खाडीपलीकडे पाठवावीत. ज्या पालकांना आपल्या मुलासाठी अर्जाची तारीख आठवते, त्यांनी ती आणखी एका घराला कळवावी. याला पैसा लागत नाही. मनाचा थोडा विस्तार मात्र लागतो.

पालकांसाठी शेवटी एक गोष्ट सांगावीशी वाटते, आणि ती बोरिवलीच्या पालकाला जितकी लागू आहे तितकीच मनोरीच्या. दहा वर्षांच्या मुलाने दोन तासांत सोडविलेली प्रश्नपत्रिका हा त्याच्या आयुष्याचा निवाडा नव्हे. निवड झाली तर ती कर्तव्याची सुरुवात मानावी, न झाली तर मुलाच्या चेहऱ्याकडे पाहून हसावे आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक पुन्हा उघडावे. पालकांच्या प्रतिष्ठेचे ओझे मुलाच्या दप्तरात घालू नये. दप्तरे आधीच जड आहेत.

ज्या समाजाने कर्णाच्या कुळाची चौकशी करून त्याला स्पर्धेच्या रिंगणाबाहेर उभे केले, त्या समाजाने पुढे त्याची किंमत कुरुक्षेत्रावर मोजली. आज कुळ कोणी विचारत नाही, पत्ता विचारला जातो. राष्ट्राला प्रत्येक बुद्धीची गरज असताना पत्त्यावरून एकाही मुलाला परत पाठविणे परवडणार नाही.